जांभळा बोळा

"आज न्हाई जमायचं तात्या, हत्यारं पूजेला बसल्यात," असं मी दोनदा सांगितलं, तरी केरबातात्या इंगवले गॅरेजच्या दारातून हलेनात.

खंडेनवमीची सकाळ होती. पाने, पकडी, पेचकस, हातोडी सगळं रॉकेलने धुऊन, पुसून मी चौरंगावर ओळीने मांडलं होतं. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूची फुलं. माझे उस्ताद इसाकभाई नमाज पढणारे, पण खंडेनवमीचा नारळ गॅरेजात त्यांच्याच हाताने फुटायचा. "वर्षभर ही आपल्याला खाऊ घालतात, एक दिवस त्यांना बसून खाऊ दे," म्हणायचे. नवमीला पाने बसले की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, मग गाडी कलेक्टरची का असेना. उस्ताद गेले, मी फाट्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं, पण हा नियम तेवढा तसाच ठेवला होता.

"पाना नको लावू की," तात्या म्हणाले. "नुस्ती बघ. बघायला काय पूजा आडवी येती?"

ते गावातून चालत आले होते. चौसष्ट वर्षांचा माणूस, एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, डोक्यावर एक केस नाही. टोपी काढून त्यांनी टक्कल पुसलं आणि कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवलं.

ती इंगवल्यांची गाडी. अठ्ठ्याहत्तर साली दोघा भावांनी मिळून घेतलेली, काळी, जड, एका सिलिंडरची मोटरसायकल. गावात शिरली की कुणाची गाडी आली हे बघायला माणसं बाहेर येत नसत, आवाजावरूनच कळायचं. पुढे लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या. तात्या गावात राहिले आणि धाकटे बळवंतराव मळ्यातल्या घरात गेले. वाटण्या त्यांच्या आईने केल्या. भांडी वाटली, म्हशी वाटल्या, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले. गाडीला काही सुरी लागेना. मग म्हातारीने ठरवलं, या दसऱ्यापासून त्या दसऱ्यापर्यंत एकाच्या दारात, मग दुसऱ्याच्या. देणाऱ्याने गाडी धुऊन, हार घालून दुसऱ्याच्या दारात न्यायची, टाकीवर आपट्याची पानं ठेवायची आणि मग दोघांनी मिळून तिच्यावरून शिलंगणाच्या माळावर जायचं. म्हातारी जाऊन दहा वर्षं झाली होती, पण हे एकदाही चुकलं नव्हतं.

मी सांगतोय ते दोन हजार एक साल. त्या वर्षी गाडी बळवंतरावांकडे होती आणि ती वर्षभर गळत होती. टॅपेट कव्हरच्या कडेतून, बाजूच्या झाकणातून, जिथे जोड म्हणून होता तिथून तेल बाहेर येत होतं. मी तीनदा सगळी गॅस्केटं, म्हणजे जोडांमधले कागद, बदलली होती. गाडी स्टँडवर उभी करून चालू ठेवली की कोरडीठाक. घरी पोचली की खाली तळं. बळवंतराव दूध संस्थेचे सेक्रेटरी, पांढरीशुभ्र पँट घालणारे. त्यांचा उजवा पाय वर्षभर तेलकट राहिला.

आदल्या दिवशी ते गाडी माझ्याकडे टाकून गेले होते. "उद्या नवमी, हुईल तेवढं आज कर," म्हणाले. "दसऱ्याला दुपारी तीनला मी येतो. संकेश्वरचा एक माणूस बघायला येणार हाय. थेंब पडला, तर तिथल्या तिथं त्याच्या हवाली करणार. हितनं पुढं कुणी कुणाच्या दारात गाडी न्यायला नको, आन् यायलाबी नको."

संध्याकाळपर्यंत मी चौथ्यांदा झाकणं उघडली, कागद नवा घातला, बोल्ट जिवाच्या आकांताने आवळले. फेरी मारून आलो आणि बघतो तर खाली ठेवलेल्या पत्र्यावर टप, टप.

"म्हणजे विकणार तो," तात्या बाकावर बसत म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दूध घालायला येणाऱ्या चार बायकांनी. तो मला सांगतोय व्हय? गणपतीपासनं बोलला न्हाई."

गणपतीत काय झालं होतं ते फाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. पंगतीत, पाहुण्यांसमोर, बळवंतराव बोलून गेले की दादाने गाडी बिघडलेली माहीत असताना धुऊन-पुसून माझ्या गळ्यात मारली. तात्यांनी ताट सरकवलं. "दुधाच्या किटल्या बांधून बैलागत हाकतोस, आन् मला म्हणतोस?" एवढं बोलून ते उठले ते उठलेच.

"मिस्त्री, खरं सांगू का," तात्या म्हणाले. "गाडीचं मला काय न्हाई. माझे गुडघे आता किक मारायच्या लायकीचे ऱ्हायले न्हाईत. पण आईनं सगळं वाटलं आन् एवढीच गाडी न वाटता ठेवली. का ठेवली असंल? ती बया काय गाडीवर बसणार हुती? वर्षातनं एकदा तरी ह्यांनी एकमेकाच्या दारात जावं म्हणून ठेवली. आता ही गेली की संपलं. मला ना पोर ना बाळ. बाळूची पोरं हाईत तीच माझी. त्या दारात जायला कारण कंचं उरलं?"

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एवढा माणूस माझ्या दारात येऊन बसलाय आणि एक गळती मला सापडत नाही.

"चला, फेरी मारू," मी म्हणालो. "फेरीला पाना लागत नाही."

तात्यांना मागे बसवून मी गाडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत दामटली आणि परत आणली. उतरलो तेव्हा तात्यांच्या धोतराच्या काठाला तेलाचे शिंतोडे होते. इंजिन तापलेलं, चालूच ठेवलं. आता एरवी काय केलं असतं, तर पाना उचलून सरळ झाकण उघडलं असतं. माझी खोडच ती. गळतंय म्हटलं की आवळ, नाही थांबलं तर उघड, कागद घाल आणि अजून आवळ. आज हात मोकळे होते, म्हणून मी नुसता उकिडवा बसलो आणि बघत राहिलो.

आणि बसल्या बसल्या उस्तादांची एक गोष्ट आठवली. ते गाडी आली की आधी पाना मागायचे नाहीत. तळहात फिरवायचे, जोडांवर, झाकणांवर, आणि शेवटी इंजिनाच्या पोटातून मागे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचे. पिस्टन खाली आला की पोटातली हवा दाबली जाते, तिने त्या नळीतून बाहेर पडायचं असतं. चालू इंजिनात अंगठ्याला गरम फुंकर लागते, फु, फु, फु. "हिला श्वास आहे का बघ आधी," म्हणायचे, "मग दवापाणी कर."

मी मागच्या चाकापाशी वाकलो, नळीचं टोक शोधलं आणि अंगठा लावला.

काहीच नाही. मी तोंड नीट झाकलं, तळहात लावला, गाल लावला. इंजिन धडधडत होतं आणि नळी गप्प होती.

"काय रं?" तात्यांनी विचारलं.

"बंद करा गाडी."

नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती मी हाताने पिरगाळून इंजिनापासून ओढली. आत लोखंडी तोटी आणि तोटीत काहीतरी काळं, गच्च. नखाला लागेना. एरवी नाकाडी पकड लागली असती. कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला. काट्याला कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं. तो खुपसून मी हळूहळू ओढत गेलो, आणि अंगठ्याएवढा चिंधीचा बोळा तेलात निथळत हातात आला.

आता हवेला बाहेर जायला वाटच नसेल, तर ती पोटात कोंडणार आणि तेलाला घेऊन जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडणार. गाडी जोरात पळाली की जास्त कोंडणार. जगातली सगळी गॅस्केटं आणून लावली असती तरी गळतच राहिली असती. वर्षभराचं कोडं चिमूटभर चिंधीत होतं. मी हसलोच.

मग बोळा दाबून त्यातलं तेल काढलं आणि त्याची घडी उलगडली. आतल्या पदरापर्यंत काळं पोचलं नव्हतं. जांभळा रंग आणि त्यावर पिवळे ठिपके.

ती साडी मी ओळखत होतो. माझ्या बायकोची, मंगलची. आमच्या पोरीच्या बारशाला नेसलेली, पुढे विरली तेव्हा तिने गॅरेजसाठी तिच्या चिंध्या करून दिल्या होत्या. गेल्या दसऱ्याच्या आधी तात्यांनी ही गाडी माझ्याकडे धुवायला आणली होती, बाळूकडे द्यायची म्हणून चांगली लख्ख कर, म्हणाले होते. इंजिन धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून आम्ही नळी काढून तोटीत बोळा कोंबतो. धुऊन झालं की बोळा काढायचा आणि नळी लावायची. त्या दिवशी दारात आठ गाड्या उभ्या होत्या. मी नळी लावली. बोळा काढला नव्हता.

आणि वर्षभरात त्या नळीकडे एकदाही बघितलं नाही, कारण ती मी स्वतः धुऊन बसवली होती. मी केलंय म्हणजे ते बरोबरच असणार.

"काय हुतं?" तात्या जवळ आले. माझी मूठ आपोआप मिटली.

"कचरा," मी म्हणालो. "नळीत कचरा अडकला होता."

बोळा खिशात गेला. मी नळी बसवली, पुन्हा घाटाच्या वळणापर्यंत गाडी नेऊन आणली. जुने कागद अंथरले, गाडी त्यावर उभी केली. तात्या खाली बसले ते जमिनीवर आडवेच झाले आणि इंजिनाच्या पोटाखाली हात फिरवला. हात कोरडा आला. अर्धा तास बसलो, तरी कागदावर डाग नाही. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्त्री, तुझा हात सोन्याचा हाय," ते म्हणाले.

माझ्या खिशाला तेलाचा ओला गोल उमटत होता.

"पण कचरा कुठनं आला म्हणायचा?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"येतो कुठूनतरी. रस्त्याचा."

तात्या विचार करत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार बाळूच्या मळ्यातला पाचोळा. तसं म्हणाले असते तर मला जरा सोपं गेलं असतं.

"असं कर," ते म्हणाले, "बाळूला कायबी सांगू नको. नुस्ती गाडी बरी झाली म्हणून त्याचा राग जायचा न्हाई. वर्षभर का गळली, ह्ये तो इचारणारच. मीच सांगतो, माझ्याच वेळंला बिघडली हुती, मला म्हाईत हुतं आन् मी तशीच दिली म्हणून."

"पण तात्या, तसं झालंच नाही ना!"

"न्हाई झालं तर न्हाई झालं. त्याला त्येच ऐकायचं हाय नव्हं? मोठा हाय मी. एक खोटं बोललो म्हणून काय माझं टक्कल पडणार हाय?"

स्वतःच्याच बोलण्यावर ते खूप वेळ हसले. मग गाडीच्या टाकीवर थोपटल्यासारखं करून चालत गावाकडे गेले. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. इसाकभाईंच्या हाताखालचा पोरगा म्हणून लोक माझ्याकडे येत होते, डोळे झाकून गाडी टाकत होते. बोळा विसरणारा मिस्त्री म्हटल्यावर कोण येणार होतं?

संध्याकाळी घरी शर्ट धुवायला टाकला आणि बोळा काढायचा विसरलो. विसरण्यात माझा हात कोण धरणार! मंगल मोरीतून बोळा घेऊन बाहेर आली.

"ही माझी बारशातली साडी न्हवं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पोरीला भाकरीचा घास भरवत म्हणाली, "आन् तात्या उद्या कबूल करणार? तुमचं?"

"त्यांनी स्वतःहून ठरवलंय."

"त्यांनी त्यांच्या भावासाठी ठरवलंय. तुम्ही कुणासाठी गप बसणार?"

"गिऱ्हाईक जाईल मंगल."

"जाऊ दे की चार." मग म्हणाली, "चिंध्या मी फाडून दिल्या हुत्या. निम्मी चूक माझ्या नावावर घाला, पण सांगा." बोळा तिने धुतला, पिळला आणि तारेवर वाळत टाकला. सकाळी वाळलेला बोळा माझ्या स्वच्छ शर्टाच्या खिशात ठेवून मोकळी झाली.

दसऱ्याच्या दिवशी आरती झाली, पाने चौरंगावरून उतरले. तीनच्या आधीच तात्या आले. कोरं धोतर, हातात झेंडूचा हार आणि आपट्याची फांदी. हार पिशवीतच ठेवला होता, गाडीला घालू की नको, ते अजून कळत नव्हतं. मंगल पोरीला घेऊन आली होती, पूजेचं आवरायला म्हणून.

बळवंतराव संकेश्वरच्या माणसाच्या मागे बसून आले. तात्यांकडे न बघताच त्यांनी मला विचारलं, "झाली?"

"चालवून बघा."

त्यांनी किक मारली. गाडी घाटाकडे गेली, आवाज लांब लांब जात राहिला, मग परत जवळ आला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मी कोरा कागद अंथरला, त्यावर त्यांनी गाडी उभी केली आणि स्वतःची पँट बघितली. मग कागद बघितला. आम्ही चार-पाच जण त्या कागदाकडे असे बघत होतो की रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून तोही बघायला लागला.

थेंब पडला नाही.

"मग वर्षभर काय गळत हुतं?" बळवंतराव म्हणाले. आवाज माझ्याकडे होता, पण रोख माझ्याकडे नव्हता.

तात्या पुढे झाले. "बाळू," ते म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. थोरला भाऊ धाकट्यापुढे, दसऱ्याच्या दिवशी, जेव्हा धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचं असतं. "माझंच चुकलं. माझ्याच वेळंला बिघडली हुती. मला ठावं हुतं. मी तशीच तुझ्या दारात लावली."

बळवंतरावांचा चेहरा मऊ होईल असं मला वाटलं होतं. तात्यांनाही तेच वाटलं असणार. तो झाला नाही. ते संकेश्वरच्या माणसाकडे वळले. "ऐकलंत? आता कबूल झाला. पंगतीतनं मला खोटं पाडून उठून गेला हुता. सख्खा भाऊ हाय माझा."

तात्यांचे हात जोडलेलेच राहिले. ते खाली कागदाकडे बघत होते. काय चुकलं ते त्यांना कळेना.

मग मात्र मला राहवलं नाही. मी खिशात हात घातला.

"बळवंतराव, हे बघा." बोळा मी त्यांच्या हातावर ठेवला. "हा इंजिनाच्या तोटीत होता. गेल्या दसऱ्याला गाडी धुताना मीच घातला आणि काढायचा विसरलो. तात्यांना काहीच माहीत नव्हतं. आत्तासुद्धा माहीत नाही, मी त्यांना कचरा म्हणून सांगितलं. तात्या खोटं बोलतायत. मी काल खोटं बोललो. गाडी तुम्हीही बिघडवली नाही आणि त्यांनीही नाही."

बळवंतराव बोळा उलटसुलट करून बघत होते. तात्यांनी जोडलेले हात सोडले, पुढे झाले आणि धाकट्याच्या तळहातावर वाकून तेही बघायला लागले. गणपतीनंतर इतके जवळ ते पहिल्यांदा आले असतील.

"चिंधी?" बळवंतराव म्हणाले.

"हो."

"तीनदा इंजिन उघडलंस तू!"

"चारदा," मी म्हणालो.

"आन् एकदाबी तोटी बघितली न्हाईस?" हे तात्या. त्यांचा आवाज एकदम चढला होता, एसटीत घंटी न मारणाऱ्या कंडक्टरवर चढत असेल तसा. "कचरा म्हणून सांगतोस मला? म्हाताऱ्याला?"

"माझ्या तीन पँटी गेल्या," बळवंतराव म्हणाले.

"त्याच्या तीन पँटी गेल्या!" तात्या ओरडले.

"गणपतीत दादा जेवला न्हाई माझ्या घरात."

"उपाशी उठलो मी! पुरणपोळीच्या ताटावरनं!"

"काय काय बोललो मी त्याला..."

"काय काय बोलला मला ह्यो! समद्या पावण्यांच्या देखत! तुझ्या एका बोळ्यापायी!"

एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, असं दहा मिनिटं चाललं. मी मान खाली घालून उभा होतो. एवढ्या शिव्या मला उस्तादांनीही कधी दिल्या नव्हत्या. मध्येच मंगल पुढे आली आणि म्हणाली, "साडी माझी हुती. मलाबी बोला." बाईमाणसाला, तेही लेकराला कडेवर घेतलेल्या, काय बोलणार? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी तात्यांना हसू आलं. बळवंतराव दाबायला गेले आणि त्यांना ते दाबता येईना.

हसता हसताच ते वाकले आणि थोरल्याच्या पायांना हात लावला. बराच वेळ उठेनात. तात्या म्हणत होते, "बास, बास, उठ की मर्दा, कागदावर तेल पडंल," आणि कागद तर कोरा होता.

संकेश्वरचा माणूस कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. हार पिशवीतून निघाला, हँडलला बसला. बळवंतरावांनी टाकीवर आपट्याची पानं ठेवली. दोघं बसून शिलंगणाच्या माळाकडे गेले. जाताना मला सोनं दिलं नाही कुणीच. बोळा मात्र बळवंतराव घेऊन गेले.

आता हे इंगवले कुठले परत येतात, असं मी धरून चाललो होतो. फाट्यावर गोष्ट पसरली आणि वर्षभर लोक गाडी टाकताना विचारायचे, "बोळा घालणार न्हाईस नव्हं?" मीही आधी अंगठा लावायला शिकलो. पुढच्या दसऱ्याला दुपारी दारात तो आवाज आला. दोघंही आले होते. तात्या उतरले, मागच्या चाकापाशी बसले, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, डोळे मिटले. "हाय, श्वास हाय," म्हणाले आणि मग माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. गाडी द्यायच्या आधी माझ्या दारात थांबायचं, तात्यांनी अंगठा लावायचा, मला सोनं द्यायचं. बोळा बळवंतरावांनी पिशवीत घालून गाडीच्या सीटखाली ठेवला होता. माझ्या पोरीच्या लग्नात त्यांनी तो काढून सगळ्या मांडवाला दाखवला.

असे सतरा दसरे झाले. अठराव्या वर्षी श्रावणात तात्या गेले. झोपेतच गेले.

त्या दसऱ्याला मी गॅरेज बंद करून घरी जायच्या बेतात होतो, तर आवाज आला. बळवंतराव एकटेच होते. त्यांचेही केस तोवर गेले होते. हँडलला हार होता.

"बस मागं," ते म्हणाले. "दादाच्या दारात जाऊन येऊ."

वहिनी, तात्यांच्या पत्नी, अंगणात उभ्या होत्या. बळवंतरावांनी गाडी तुळशीजवळ आणली, तिच्या नेहमीच्या जागेवर उभी केली आणि टाकीवर आपट्याची पानं ठेवली.

"ही हितं कशाला आणली भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "आता ती चालवणार कोण?"

"कुणी चालवायची ह्ये आईनं कुठं ठरवलंय? कुणाच्या दारात ऱ्हायाची तेवढंच ठरवलंय. औंदा दादाची पाळी."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. इंजिन बंद करायला मी हात पुढे केला, तर बळवंतरावांनी मला अडवलं आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"तू बघ," ते म्हणाले. "मला वाकवत न्हाई."

वाकवत नव्हतं असं काही नव्हतं. मी खाली बसलो आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

गरम फुंकर लागत होती, फु, फु, फु.

"हाय," मी म्हणालो.

मग त्यांनी गाडी बंद केली, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि आम्ही दोघं मळ्याच्या वाटेने चालत निघालो.